पडलेल्या पिलाची इजा कशी ओळखावी

शाळातपासणीस गेलो असता आवारात कुत्रीची पिले दिसली नाहीत, अशी शाळा विरळाच. आपल्या जिल्ह्यातील घरे उंच जोत्यावर, आवारास चिऱ्याचे गडगे, गावालगत चिरेखाणी, आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ. पिलू पडते, क्षणभर केकाटते, उठून धावू लागते. "काही झाले नाही, गुरुजी," असे मुले सांगतात. येथेच फसगत होते. लंगडणारे पिलू सर्वांस दिसते. परंतु पोटात रक्तस्राव होत असलेले पिलू कोपऱ्यात निजून राहते आणि ते दमले असावे असे आपण समजतो.

प्रथम मुलांस दूर करावे. वेदनेत माणसाळलेले पिलूही चावते व त्याची आई तर निश्चितच धावून येते. पिलू लहान म्हणून रेबीजचे भय नाही, ही समजूत खोटी आहे. दात लागल्यास अथवा ओरखड्यास लाळ लागल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी व त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. रागावतील या भीतीने मुले चावा लपवितात. म्हणून त्या वेळी शिक्षकाने रागावूच नये.

आता पिलाकडे दुरून पाहावे. स्वस्थ पडलेले पिलू मिनिटास साधारण 15 ते 40 वेळा श्वास घेते. घड्याळ लावून अर्ध्या मिनिटाचे श्वास मोजावेत व दुप्पट करावेत. हे काम मुले दुरून उत्तम करतात. उकाडा नसता तोंड उघडे, मान ताणलेली व पोट जोराने हलत असेल, तर फुप्फुसास मार बसला असण्याचा अथवा छाती-पोटामधील पडदा फाटला असण्याचा संभव असतो. ही लक्षणे काही तासांनीही दिसू लागतात.

पिलू शांत असल्यास शिक्षकाने स्वतः त्याचा ओठ अलगद उचलावा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबून सोडताच 2 सेकंदांच्या आत तिचा रंग परततो. हिरडी पांढुरकी असणे हे आतील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात. तेव्हा खालच्या पापणीची आतील बाजू पाहावी.

डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणे, एकाच दिशेने गोल फिरणे, नाकाकानातून रक्त येणे, वारंवार ओकारी, झटके ही डोक्यास मार लागल्याची चिन्हे होत. पोट फुगणे, लघवी न होणे अथवा तीत रक्त दिसणे, हे मूत्राशयाच्या इजेकडे बोट दाखविते. पिलाच्या हाडांची टोके वाढीची व नाजूक असतात. तेथील लहानशी चीर दुर्लक्षिली तर पाय वाकडा वाढतो. मागील पाय फरफटत असतील तर उचलून कडेवर घेऊ नये, फळीवर अलगद सरकवून न्यावे.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास विषासमान ठरू शकतात. त्या देऊ नयेत. गुंगीत असलेल्या पिलाच्या तोंडात दूधपाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. वरीलपैकी एकही लक्षण दिसल्यास उद्यावर न टाकता नजीकच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, अथवा 1962 या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर विचारावे.

लक्षण न दिसल्यासही दुसऱ्या दिवसापर्यंत लक्ष ठेवावे. पडल्याची वेळ, अंदाजे उंची, श्वासांची संख्या, खाणे, लघवी व ओकारी यांची नोंद वरच्या वर्गातील मुलांकडून वहीत करवून घ्यावी. पिलास दवाखान्यात न्यावे लागल्यास ते पान सोबत द्यावे.