हवेवाचून कुजताना : कचऱ्यातील मिथेनची तीन दशके

ओला कचरा हवा खेळती असलेल्या जागी कुजला, की त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोच कचरा ढिगाच्या पोटात दबला किंवा सांडपाणी नाल्यात तुंबून राहिले, की प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. गोबरगॅसच्या टाकीतही हेच घडते; तिथला वायू चुलीपर्यंत पोहोचतो, ढिगातला मात्र थेट वातावरणात जातो.

वातावरणात मिथेन सुमारे १२ वर्षे टिकतो. वजनास वजन धरले, तर १०० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि २० वर्षांच्या हिशोबात सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. उद्योगयुगापूर्वी हवेच्या एक अब्ज भागांत मिथेनचे सुमारे ७०० भाग होते. आज ते १,९०० च्या वर गेले आहेत.

भारत आपल्या उत्सर्जनाचा हिशोब संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली सादर करतो. कचरा आणि सांडपाणी या क्षेत्राचे उत्सर्जन १९९४ साली सुमारे २.३ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके धरले गेले. त्यात मिथेनचाच वाटा मोठा होता. २००० साली हा आकडा सुमारे ५.२५ कोटी, २०१० साली ६.५ कोटी आणि २०१४ साली ७.८ कोटी टनांवर गेला. २०१६ साली तो ७.५ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे देशाच्या एकूण उत्सर्जनाच्या तीन टक्क्यांहून थोडा कमी होता. हा आलेख वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिल्या मोजणीनंतर हिशोबाची पद्धत बदलली, त्यामुळे १९९४ ते २००० मधली उडी सगळीच खरी वाढ नाही. शिवाय या अहवालांत मिथेनचा परिणाम २१ पट धरला आहे. आजच्या २८ पटींनी मोजल्यास भार आणखी जड भरतो.

चढणीचे मूळ शहरांच्या वाढीत आहे. १९९१ साली देशाची शहरी लोकसंख्या सुमारे २१.८ कोटी होती, २०११ साली ती ३७.७ कोटी झाली. भारतीय शहरांच्या कचऱ्यात जवळपास निम्मा भाग ओला असतो. त्यात ढिगाच्या उंचीची भर पडते. आंतरराष्ट्रीय हिशोबपद्धतीनुसार उथळ, उघड्या ढिगातून जास्तीत जास्त शक्य मिथेनच्या ४० टक्के, तर पाच मीटरहून खोल ढिगातून ८० टक्के मिथेन धरला जातो. ढीग उंचावला की हवा आत शिरत नाही आणि कचरा टाकणे थांबवले तरी वायू अनेक वर्षे निघत राहतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका उपग्रह-अभ्यासात मुंबईच्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन निघताना आढळला. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या लाइन बाजारमधील ‘झूम’ या कचरा प्रकल्पाचा ढीग हे याच प्रश्नाचे स्थानिक रूप.

तरीही या क्षेत्रातील उत्सर्जनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग सांडपाण्यातून येतो. घनकचरा डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो, म्हणून चर्चा त्याचीच होते. कोल्हापुरात जयंती आणि दुधाळी हे नाले शहराचे सांडपाणी घेऊन पंचगंगेकडे जातात. ते अडवून शुद्ध करण्यासाठी कसबा बावडा येथे रोज ७.६ कोटी लिटर आणि दुधाळी येथे १.७ कोटी लिटर क्षमतेची केंद्रे उभी राहिली. पाण्यात भरपूर हवा सोडून शुद्धीकरण केल्यास मिथेन फारसा बनत नाही. उरलेला गाळ मात्र स्वतंत्रपणे हाताळावा लागतो.

साखर पट्ट्यात औद्योगिक सांडपाण्याचे वजन मोठे आहे. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमधील सेंद्रिय भार, ऑक्सिजनच्या मागणीत मोजला, तर लिटरमागे १ लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. घरगुती सांडपाण्यात तो काहीशे मिलिग्रॅम असतो. उघड्या खड्ड्यात साठवलेला स्पेंटवॉश मिथेन सोडत राहतो. बंद टाकीत कुजवला, तर तोच वायू बॉयलरचे इंधन होतो.

स्वच्छतेच्या काही चांगल्या पावलांनीही मिथेन वाढतो. २०१४ च्या स्वच्छ भारत मोहिमेनंतर शौचालये वाढली, रोगराईला आळा बसला. पण सेप्टिक टँकमध्ये मैला हवेवाचून कुजतो. यावर उत्तर महाराष्ट्रातच सापडले आहे. देहूचे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेली बायोगॅस टाकी विकसित केली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र घडवले आणि त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

नियमांची वाटचालही याच दिशेने झाली. २००० च्या नियमांनी शहरांवर कचरा व्यवस्थापनाची जबाबदारी टाकली, २०१६ च्या नियमांनी घरातच ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. २०१८ च्या ‘सतत’ योजनेने कचरा, शेण आणि प्रेसमडपासून (उसाच्या रसातून उरणाऱ्या गाळापासून) वाहनांचा गॅस बनवण्याला बाजार दिला, तर २०२१ पासून जुने ढीग उपसून जमीन मोकळी करण्याचे लक्ष्य ठरले.

या सर्व उपायांचा क्रम ठरलेला आहे. ओला कचरा ढिगापर्यंत पोहोचू न देणे हा पहिला, सांडपाणी तुंबू न देणे हा दुसरा आणि जिथे मिथेन बनणारच तिथे तो पकडून जाळणे हा तिसरा. जाळलेल्या मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तापमानवाढीचा भार कितीतरी हलका होतो. मिथेनचे आयुष्य सुमारे १२ वर्षांचे असल्याने आज केलेल्या कपातीचा परिणाम एक-दोन दशकांतच हवेत दिसू लागतो.