दिवे लागतात, पण गाडी सुरू होत नाही

मागच्या ऑक्टोबरातली पहाट. करंजाड्यातल्या आमच्या इमारतीच्या फाटकापाशी गाडी उभी. मागच्या पलंगावर अम्मी आडवी झालेली, उशाशी पाण्याची बाटली आणि भावासाठी केलेल्या सांदणांचा डबा. माझे मामा श्रीवर्धनला अंथरुणाला खिळलेले. बहीणभावाची दोन वर्षं गाठ नव्हती, आणि दोघांचीही वयं अशी की पुढच्या वर्षीचा वायदा कुणी कुणाला करू नये. तांबडं फुटायच्या आत निघालो तर ऊन चढायच्या आत माणगाव गाठता येतं, असा माझा हिशेब होता.

किल्ली फिरवली. समोरचे दिवे लखलखीत लागले. हॉर्न वाजला. आतला पंखासुद्धा फिरत होता. सेल्फ मारला आणि आवाज आला, टक. एकच. पुन्हा मारला, पुन्हा टक. मागून अम्मी म्हणाली, "बाबा, निघालो का रे?"

मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस. ओहमचा नियम दहावीत पाठ केला आणि परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून आलो. पण त्या एका 'टक'ने मला तो पुन्हा शिकायला लावला. जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

आधी गाडीविषयी. अठरा-वीस वर्षांची डिझेल ट्रॅव्हलर. पूर्वी ती एका शाळेची पोरं ने-आण करायची. अम्मीचं कमरेचं हाड मोडलं, तिला बसून प्रवास करणं अशक्य झालं, तेव्हा ती आम्ही घेतली आणि आरटीओची रीतसर परवानगी काढून तिचं फिरतं घर केलं. बाकडी काढून पलंग, पाण्याची टाकी, छोटा ओटा, पंखा, दोन दिवे. अशा गाड्यांना आता कॅरॅव्हॅन म्हणतात. राज्य सरकारने २०२१ साली त्यांच्या पर्यटनाचं धोरणही आणलं. आमच्या गल्लीत मात्र तिला सगळे 'टेम्पो' म्हणतात. या शब्दाची गंमत अशी की तो मुळात गाडीचा प्रकारच नाही. हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचं ते नाव. १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, तिच्या तीनचाक्या आणि पुढे मॅटाडोर गाड्या गावोगाव पोचल्या आणि मराठीने दोन्ही नावं सामान्यनामं करून टाकली. कंपनीने २००५ साली आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण भाषेने काही ते ऐकलं नाही. असो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलची कल्पनाच ती होती, आणि १८९७ साली आउग्सबुर्गला ती त्याने चालवून दाखवली. हवा इतकी दाबायची की दाबानेच ती तापावी आणि फवारलेलं तेल आपोआप पेटावं. पण ही हवा पहिल्यांदा दाबणार कोण? इंजिन सुरू झाल्यावर ते स्वतःच दाबतं. त्याआधी बाहेरून कुणीतरी फिरवावं लागतं. आमच्या लहानपणी ट्रकचे क्लीनर समोरून हँडल मारताना तुम्हीही पाहिले असतील. आज ते काम सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर करते. डिझेल इंजिन फिरवणं हे कष्टाचं काम, म्हणून ही मोटर त्या दोन-चार सेकंदांत दोनशे-तीनशे अँपिअर प्रवाह ओढते. समोरचे दोन्ही दिवे मिळून ओढतात नऊ-दहा. पंखा ओढतो दोन.

माझी चूक इथेच होती. दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठणठणीत, असं आपण सगळेच धरून चालतो. खरं म्हणजे दिवा लागणं ही बॅटरीची परीक्षाच नव्हे. वाटीभर पाणी मागितलं तर अर्धवट चोंदलेला नळही ते देतो. मोठा हौद घटकेत भरायचा म्हटलं की नळाचं खरं रूप कळतं. म्हणून दिवे नुसते लावून बघू नयेत. दिवे लावावेत, मग सेल्फ मारावा आणि त्या वेळी दिव्यांचं काय होतं ते भिंतीवरच्या उजेडात बघावं. ते एकदम मालवल्यासारखे झाले तर बॅटरी उतरलीय किंवा बॅटरीपाशीच जोड खराब आहे. दिवे जराही हलले नाहीत तर सेल्फपर्यंत मागणीच पोचत नाहीये. रिले, किल्लीचा स्विच, सेल्फवरचं सोलेनॉइड किंवा आतले झिजलेले कार्बन ब्रश बघावेत. आणि आवाजही ऐकावा. टकटकटकटक असा टाइपरायटरसारखा आवाज बहुधा अशक्त बॅटरीचा. एकच जाड टक म्हणजे सोलेनॉइड ओढलं गेलं, पण मोटर फिरली नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दहा वेळा सेल्फ मारला, आणि तेही वाईटच. दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी, नाहीतर मोटर तापून जळते. मग शेजारचे तिघे धक्का मारायला आले. एवढी जड गाडी धक्क्याने सुरू होते, नाही असं नाही. पण इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक होतो, पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही वळत नाही, आणि आत म्हातारं माणूस. मी नको म्हटलं. आठ वाजता बॅटरीवाल्याला फोन केला. त्याने मीटर लावला, बारा पूर्णांक दोन आलं. "चाचा, बॅटरी गेली," म्हणाला आणि नवी बसवली. पैसे मोजले, सेल्फ मारला, गाडी सुरू! अम्मीने मोठ्याने अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि आम्ही निघालो.

कर्नाळ्याची खिंड ओलांडून पेणला चहाला थांबलो. मी नवश्रीमंताच्या रुबाबात इंजिन बंद केलं. चहा झाला, किल्ली फिरवली. टक.

खरं सांगतो, त्या क्षणी मला परत फिरावंसं वाटलं. पण परत फिरायलाही गाडी सुरू व्हायला हवी.

चहावाल्याने पलीकडच्या गॅरेजमधल्या एका पोराला हाक मारली. पंचविशीचा असेल. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी बघितली आणि मला विचारलं, "काका, ही कधी घातली?" म्हटलं, आज सकाळी. तो हसला. "बॅटरी नवी हाय, पन करंटला परत यायला वाट नाय." मग त्याने जंपर केबल आणली. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. म्हणाला, मारा सेल्फ. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली.

ही युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि बॅटरीत परत येते. परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. गाडीत परतीसाठी वेगळी तार क्वचितच असते, लोखंडी सांगाडाच ती वाट असतो. पण इंजिन सांगाड्याला थेट जोडलेलं नसतं, धक्के बसू नयेत म्हणून ते रबराच्या बैठकांवर ठेवलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनपासून सांगाड्यापर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारांची एक चपटी पट्टी असते. मिस्त्री तिला अर्थिंग म्हणतात. खालच्या अंगाला, चिखलात आणि पावसात, कुणाच्या नजरेस न पडणारी. आमच्याकडे खाडीची खारट हवा आणि बांधकामांची धूळ. आमच्या पट्टीचा बोल्ट गंजला होता आणि विणलेल्या तारांपैकी निम्म्या हिरव्या पडून तुटल्या होत्या. वीस वर्षांच्या गाडीत यात बनवणाऱ्याचा दोष कसला?

आता तो दहावीतला नियम. अशा गंजक्या जोडाचा रोध समजा ओहमचा एक शतांश भाग आहे. किती क्षुल्लक! पंख्याचे दोन अँपिअर त्यातून जाताना जेमतेम ०.०२ व्होल्ट खर्च होतात. पंखा मजेत फिरतो. पण सेल्फचे अडीचशे अँपिअर जाऊ पाहतात तेव्हा त्याच जोडावर अडीच व्होल्ट जिरून जातात. ओढ लागल्यावर बॅटरी आधीच बारावरून साडेदहावर आलेली असते. त्यातून अडीच गेले की मोटरच्या वाट्याला उरतात आठ. सोलेनॉइड ओढलं जातं, मोटर हलत नाही. टक.

मग सकाळी नव्या बॅटरीने गाडी सुरू कशी झाली? कारण दोष दोन होते, दोन्ही अर्धे. बॅटरीत लेडचे सहा कप्पे, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. उतरलेली म्हणजे मेलेली नव्हे, हे मला तेव्हा कळलं असतं तर पैसे वाचले असते. ताज्या बॅटरीने गंजलेल्या जोडावर एकदा मात केली. तापलेल्या इंजिनाजवळ तोच जोड आणखी सैल झाला आणि पेणला डाव उलटला. बॅटरीवाला खोटं बोलला नव्हता. त्याने निम्मं खरं सांगितलं आणि मी ते पूर्ण समजलो.

घरी मल्टीमीटर असेल तर जंपर केबलचीही गरज नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर वाट खराब. तसंच प्लसच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत. मीटर नसेल तर सेल्फ मारल्यावर जोड हाताने चाचपावेत. जो तापलेला असेल तो गुन्हेगार. कधी कधी परतीची वाट न मिळालेला प्रवाह क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून घरी जातो आणि ती केबल चटका बसेल इतकी तापते. बॅटरीच्या खांबांवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, पॉलिश पेपरने घासावं, आवळून वर व्हॅसलीन लावावं. मात्र आधी मायनस काढायचा आणि शेवटी मायनस लावायचा, नाहीतर पाना सांगाड्याला टेकून मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथं बिडी ओढत वाकून बघणारे शहाणे मी पाहिले आहेत.

हे झालं सेल्फ फिरतच नसेल तर. सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, ही तक्रार निराळी. तेव्हा बॅटरीला हात लावू नये. मागे जाऊन सायलेन्सर बघावा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. जुन्या इंजिनांत हवा आधी तापवायला हीटर प्लग असतात. ते गेले की थंडीच्या पहाटे हाच प्रकार होतो. काही जुन्या गाड्यांत ते एकाच माळेत जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे, एक गेला की सगळे गेले. धूर अजिबात नसेल तर डिझेलच येत नाही. टाकीत काटा दाखवतो म्हणून डिझेल आहे असंही धरू नका. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत जुनाट रबरी नळीतून हवा शिरते आणि तेल मागे उतरतं, याला मिस्त्री 'एअर घेतली' म्हणतात. फिल्टरवरचा स्क्रू जरा सैल करून हातपंप दाबत राहायचं. फेसाळ तेल येतं, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. की स्क्रू आवळायचा. फिल्टरच्या तळाचं पाणीही पावसाळ्यानंतर काढावं. नोझलच्या नळ्यांशी मात्र घरी खेळू नये, तिथल्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. आणि करंजाड्यासारख्या ठिकाणी उंदरांना विसरू नये. एकदा आमच्या वायरींचं वेष्टण त्यांनी असं कुरतडलं होतं, की मिस्त्रीने गाडीऐवजी मांजर दुरुस्त करा म्हणून सांगितलं.

पेणच्या त्या पोराने नवी पट्टी घातली, बोल्टाखालचा रंग आणि गंज खरवडला, वर ग्रीस फासलं. अर्ध्या तासाचं काम. त्याने घेतलेले पैसे सकाळच्या बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य होते. जाताना मात्र त्याने विचारलं, "काका, आतला पंखा कुठल्या बॅटरीवर चालतो?"

म्हटलं, याच.

तिथं मला उमगलं. दुपारी घरात गरम होतं म्हणून अम्मी गाडीत येऊन झोपते. खिडकीतून मोकळी हवा, अंगावर पंखा. आठ तासांत दोन अँपिअरचा पंखा सोळा अँपिअर-तास खातो, वर दिवे. दोन-तीन दिवस गाडी हलली नाही की बॅटरी निम्म्यावर. पोराने दोष ओळखला, पण अम्मीच्या देखत मोठ्याने बोलला नाही. मीही बोललो नाही. पंख्यामुळे झालं असं कळलं असतं तर तिने पुन्हा कधी तो लावला नसता.

श्रीवर्धनला पोचलो तेव्हा मगरिबची अजान झाली होती. मामांना खुर्चीत बसवून चौघांनी अंगणात आणलं, कारण अम्मीला उतरवण्यापेक्षा ते सोपं होतं. मागचं दार उघडून दोघं समोरासमोर, एक खुर्चीत, एक पलंगावर. सांदणं थोडी आंबली होती. मामांनी तरीही दोन खाल्ली.

परत आल्यावर काढून ठेवलेली जुनी बॅटरी चार्ज करून घेतली. ती बरी निघाली. तिला पलंगाखाली वेगळी पेटी केली, वायू बाहेर जाईल अशी नळी दिली, आणि मध्ये एक रिले बसवून घेतला. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या भरतात, बंद झालं की त्यांची फारकत होते. पंखा आणि दिवे जुनीवर, सेल्फ नवीवर. अम्मीला एवढंच सांगितलं, की तुझा पंखा आता जास्त जोरात चालेल.