टपालखात्याची खरेदी : तिकिटांची निविदा का निघत नाही?

या आठवड्यात टपालाच्या थैल्यांवर लिहायचं ठरलं होतं. थैल्या पुढे ढकलतो, कारण एका वाचकाचा प्रश्न मनातून जात नाही : 'कार्यालयात कपाटं घ्यायची तरी निविदा निघते, मग तिकिटं वर्षानुवर्षं नाशिकरोडलाच कशी छापली जातात?'

आधी नियम पाहू. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधला १६६वा नियम तीन प्रसंगी एकाच पुरवठादाराकडून खरेदीला मुभा देतो : वस्तू बनवणारा एकच असेल तर, तातडी असेल तर, किंवा हाताशी असलेल्या यंत्रांशी जुळणारेच भाग हवे असतील तर. पहिल्या प्रसंगासाठी एक प्रमाणपत्र जोडावं लागतं. नमुना अगदी आटोपशीर आहे. माल अमुक कंपनी बनवते. दुसरी कोणतीही बनावट चालणार नाही, कारण...; वित्त शाखेची सहमती; सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. सगळी मेख त्या 'कारण'पुढच्या मोकळ्या जागेत आहे. तिथे नुसतं 'नेहमीचे पुरवठादार' असं लिहून भागत नाही. आणि एकालाच बसतील अशा अटी घालून काढलेल्या निविदेपेक्षा असं उघड, सहीनिशी दिलेलं कारण मला केव्हाही बरं वाटतं.

आता तिकिटं. तिकीट म्हणजे टपालखर्चाचे आगाऊ घेतलेले पैसे. खोटं तिकीट खपलं की खात्याने फुकट पत्र वाहिलं. म्हणून छापखान्यात खराब निघालेल्या तावांचाही हिशेब राहावा लागतो. हे काम आपल्याकडे पहिल्यापासून मोजक्याच हातांत राहिलं. १८५४ची बहुतेक तिकिटं कलकत्त्याला सर्वेक्षण कार्यालयात शिळाछापावर निघाली. पुढची सुमारे सत्तर वर्षं लंडनच्या डी ला रू कंपनीने ती छापून धाडली. १९२५ साली नाशिकला प्रतिभूती मुद्रणालय उभं राहिलं आणि काम मायदेशी आलं. २००६पासून हे मुद्रणालय अर्थ मंत्रालयाच्या मालकीच्या कंपनीत आहे. म्हणजे घेणारंही सरकार, देणारंही सरकार.

तरी नाशिकखेरीज कोणी छापलंच नाही असं मुळीच नाही. १५ ऑगस्ट १९४८ला निघालेली गांधीजींची चार तिकिटं आठवा : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती छापली स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए या मुद्रकाने, फोटोग्राव्ह्यूर पद्धतीने. चेहऱ्यावरची छाया-प्रकाशाची मऊ उतरंड त्या पद्धतीत फार सुरेख येते आणि नाशिकला तेव्हा ती सोय नव्हती. दहा रुपयांचं तिकीट भिंगाखाली धरलं की कारण आपोआप पटतं. पुढे नाशिकने ती पद्धत आत्मसात केली. १ ऑक्टोबर १९५२ची संत-कवींची मालिका, म्हणजे कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर, तिथेच छापली गेली.

नंतरच्या काळात कानपूर आणि मद्रासच्या खासगी प्रतिभूती मुद्रकांनीही स्मारक तिकिटं छापली आहेत. म्हणून माझं मत असं : रोजच्या वापराची तिकिटं मोठ्या संख्येने लागतात, त्यांच्यासाठी एकच सरकारी मुद्रणालय पुरे. स्मारक तिकिटं मात्र थोडी छापायची असतात आणि बरीचशी संग्राहकांच्या वहीत जातात. तिथे छपाईचा दर्जा आणि दर दोन-तीन मुद्रकांकडून ताडून पाहायला हवा. एकच विकणारा असताना दर ठरवायचा कसा, हा प्रश्न थैल्यांच्याही आधी घ्यावा लागणार असं दिसतंय.