चावी जास्त दिली म्हणून स्प्रिंग तुटत नाही

आजोबांचा ग्रामोफोन माळ्यावरून खाली काढला की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘पोरांनी चावी जास्त दिली, तेव्हापासून बंद आहे.’ वर्षानुवर्षं एकाच पोरावर हा आरोप असतो आणि बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. स्प्रिंग पुरती आवळेपर्यंत चावी द्यायची असते, यंत्र त्यासाठीच केलेलं आहे. हाताला घट्ट लागलं की थांबायचं, एवढंच. चावी पूर्ण भरलेली आहे आणि तरी तबकडी हलत नाही, याचा अर्थ बहुधा स्प्रिंगच्या डबीतलं ग्रीस वाळून गेलं आहे. ग्राफाइट मिसळलेलं ते ग्रीस काही दशकांत डांबरासारखं होतं, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. यंत्र चालत असलंच, तर गाणं चालू असताना आतून ‘धप्’ असा आवाज येतो आणि सूर डगमगतो. तो चिकटलेला वेढा सुटल्याचा आवाज असतो.

स्प्रिंग तुटतेही. पण त्यामागे गंज आणि पोलादाचा थकवा असतो, आणि ती बहुधा टोकाजवळ, अडकवायच्या भोकापाशी तुटते. बाहेरचं टोक गेलं असेल तर जाणता कारागीर ते तापवून नरम करतो, नवं भोक पाडतो आणि तीच स्प्रिंग पुन्हा बसवतो. मधोमध तुटली तर मात्र नवीनच लागते.

इथे दुसरा समज आडवा येतो: ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत.’ मराठी घरांत अजून सापडणारी एचएमव्ही १०२ ही सुटकेससारखी पेटी घ्या. १९३१ साली बाजारात आलेलं हे मॉडेल पन्नासच्या दशकातही बनत होतं. तिच्यासाठी नव्या स्प्रिंगा, साउंडबॉक्सची, म्हणजे पिन आणि पडदा असलेल्या भागाची, रबरं आणि पोलादी पिना आजही तयार होतात. घोटाळा होतो तो मागवताना. ‘एचएमव्हीची स्प्रिंग द्या’ एवढं सांगून भागत नाही. पट्टीची रुंदी, जाडी, डबीचा आतला व्यास आणि दोन्ही टोकं कशी अडकतात हे मोजून कळवावं लागतं. जाडी मायक्रोमीटरने मोजावी, फूटपट्टीने नव्हे. हरवलेलं हँडल किंवा झिजलेला दांडा चांगला लेथवाला नमुना पाहून करून देतो. नेमक्या दात्यांची चक्रं आणि साउंडबॉक्स धरणारा टोनआर्म मात्र दुसऱ्या मोडक्या यंत्रातूनच काढावे लागतात.

सक्त इशारा द्यावा असा धोका या कामात एकच आहे. मोटर उघडण्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरवा, म्हणजे चक्र फिरायचं थांबेपर्यंत यंत्र चालू द्या. भरलेल्या मोटरचा वेग आवरणारा गव्हर्नर काढला तर सगळी चक्रं एकदम सुटतात, दाते जातात, बोटंही जाऊ शकतात. उतरलेली स्प्रिंगसुद्धा डबीत दाबूनच बसलेली असते. जाड हातमोजे घालून ती वेढ्यावेढ्याने बाहेर काढतात, रॉकेलने धुतात, नवं ग्रीस लावतात. पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी माणूस शेजारी हवा.

वेग कमीजास्त झाला की लोक स्प्रिंगलाच दोष देतात. वेग सांभाळतो गव्हर्नर. पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन वजनं गरगर फिरतात, वेग वाढला की बाहेर फाकतात आणि चकतीला चामड्याच्या तुकड्यावर घासायला लावतात. चामडं कोरडं पडलं तर चरचरतं आणि गाणं थरथरतं. तिथे तेलाचा एक थेंब पुरतो. वेग तपासायला रेघांची चकती मिळते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी तिच्यावर ७७ रेघा असतात आणि वेग बरोबर असला की त्या स्थिर दिसतात. दिवा मात्र जुना, विजेबरोबर लुकलुकणारा हवा. पुष्कळ एलईडी दिवे तसे लुकलुकतच नाहीत. चकती किंवा तसा दिवा नसेल तर लेबलाखाली कागदाचा चिटोरा अडकवून मिनिटभर फेरे मोजावेत. आणि प्रत्येक जुनी रेकॉर्ड ७८नेच वाजवायची असते, असंही नाही. १९०२ साली फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा हा आकडा ठरलेलाच नव्हता. त्या काळातल्या तबकड्यांचा वेग पट्टी ऐकून जुळवावा लागतो.

आवाज चिरका आला की साउंडबॉक्सच बदलायची घाई होते. आधी रबर पाहावं. पडद्याच्या कडेचं रबर वाळून काचेसारखं कडक होतं, पडदा नीट हलत नाही. ते बदललं की तोच साउंडबॉक्स मोकळा होतो. खरा असाध्य रोग वेगळाच. काही साउंडबॉक्स आणि टोनआर्म जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे आहेत. त्या धातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर तो वर्षानुवर्षं आतून फुगतो, तडकतो, अखेर चुरा होतो. अशा भागावर डिंक, अराल्डाइट, वेल्डिंग यातलं काहीही टिकत नाही. तो भाग बदलायचाच.

आता पिनेकडे. ‘पोलादी पिन म्हणजे वर्षानुवर्षं चालणार’ या समजुतीने जितक्या तबकड्या मारल्या, तितक्या पोरांनी फोडल्या नसतील. एका बाजूला एक पिन, हा जुना नियम चिंगूसपणाला न जुमानता पाळावा. ७८ची तबकडी निव्वळ लाखेची नसते. लाख जेमतेम एक तृतीयांश, बाकी दगडाची पूड आणि काजळी. ती पूड पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धार येते आणि पुढच्या बाजूला तीच धार खाच खरवडते. एलपी तर चावीच्या यंत्रावर चुकूनही ठेवू नये. तिला दोनेक ग्रॅमचा भार सोसतो, साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर जातो.

लाखेवरून आणखी एक. तबकडी स्पिरिटने पुसू नका. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, तेच तुमच्या तबकडीचं होईल. लेबल वाचवून, साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने धुवा. लाकडी पेटीवरचं जुनं पॉलिशही लाखेचंच असू शकतं, म्हणून तिथेही स्पिरिटचा बोळा नको.

शेवटी बाजार. मुंबईच्या चोर बाजारात लखलखीत पितळी भोंगा आणि एचएमव्हीच्या कुत्र्याच्या चित्राची पट्टी असलेला ग्रामोफोन दिसला की गिऱ्हाईक विरघळतं. अशी पट्टी कुणीही करून लावू शकतो. जुने भोंगे बरेचसे रंगवलेल्या पत्र्याचे असत, काही लाकडी, पितळीही होते, पण शंभर वर्षांनी इतके कोरे करकरीत नाहीत. टोनआर्मचा भोंग्याशी सांधा पाहा. नकली यंत्रात तो ओबडधोबड असतो आणि साउंडबॉक्स खाचेत सरळ बसत नाही. मग विक्रेत्याला वरची फळी उचलायला सांगा. तो नाही म्हणाला तर तिथेच उत्तर मिळालं. उचलली, तर आत पुष्कळदा एखाद्या पोर्टेबलची खरीखुरी जुनी मोटर निघते. भोंग्याचे पैसे मोजू नका. पण भाव उतरला आणि ती मोटर तुमच्या घरच्या पेटीतल्या मोटरशी जुळत असेल, तर चक्रांसाठी ते धूड घ्यायला हरकत नाही.