बिडी ओढणाऱ्याच्या घोट्याचा रक्तदाब

थोडे चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की निघून जातो. नांदेड-लातूरकडे याला वात म्हणतात, नाहीतर ‘नस दबली’ म्हणून दुखण्याची गोळी घेतात. बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत मात्र पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ही खूण असू शकते, आणि बहुतेकांना तर एवढाही त्रास सुरुवातीला जाणवत नाही. शोधायची रीत साधी आहे. माणसाला दहा मिनिटे आडवे ठेवायचे, दंडाचा रक्तदाब घ्यायचा, मग घोट्याच्या वर पट्टा बांधून पावलाच्या नाडीवर जेल लावायचे आणि नाडीचा आवाज ऐकवणारे पेनाएवढे डॉप्लर यंत्र टेकवायचे. पट्टा फुगवला की नाडीचा आवाज बंद होतो. हवा सोडताना तो ज्या आकड्याला परत येतो, तो घोट्याचा दाब. दंडात 140 आणि घोट्यात 98 भरला, तर गुणोत्तर 0.7. ते 0.9 किंवा त्याहून कमी असेल तर रक्ताची वाट अडलेली आहे.

त्रास नसलेल्यांची अशी तपासणी करावी एवढा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने 2018 मध्ये म्हटले. डेन्मार्कमध्ये 65 ते 74 वयाच्या पुरुषांची पोटातली महाधमनी, पायाच्या धमन्या आणि रक्तदाब एकत्र तपासला, तेव्हा पाच वर्षांत मृत्यू 7 टक्क्यांनी घटले; पण त्यात पायाच्या तपासणीचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून सरसकट तपासणीची मागणी मलाही पटत नाही. पन्नाशीपुढच्या बिडी-सिगारेटवाल्यांची मात्र व्हायलाच हवी. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ जेमतेम 4 टक्के निघाले, त्यामुळे हे काम आवाक्यातले आहे. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रांत तपासतातच, तंबाखूबद्दलही विचारतात. त्याच रांगेतून ही माणसे निवडता येतील.

सापडले तरी खेड्यात पुढे काय करणार, हा आक्षेप उरतो. बिडी सोडवणे, रोज चालायला लावणे, कोलेस्टेरॉलची गोळी देणे, यांतले काहीच मोठ्या शस्त्रक्रियागृहावाचून अडत नाही. शिवाय पायाच्या धमन्या बिघडलेल्याला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचाही धोका जास्त असतो, म्हणजे हे उपचार नुसत्या पायापुरते नसतात. पाऊल थंड पडलेले, जखम न भरणारे रुग्ण तेवढे नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावेत. या तपासणीची एक उणीव मात्र खरी आहे. लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये सविस्तर वर्णन केलेला आजार ऐन तिशी-चाळिशीत पावलाच्या बारीक धमन्या बंद करतो आणि घोट्याचा आकडा तेव्हा चांगलाही येऊ शकतो. अशा तरुणाची चप्पल काढून बोटे पाहावी लागतात, पावलाची नाडी हाताने चाचपावी लागते. बोट काळे पडण्याआधी त्याने तंबाखू पूर्ण सोडली, तर पाय बहुधा वाचतो.