कतञ्ञुता, स्वाभिमान आणि आरोग्य

महामंगल सुत्ताचे पठण आपल्या विहारांतून नित्य होत असते. त्यातील अडतीस मंगलांमध्ये गौरव, विनम्रता आणि संतुष्टी यांच्या जोडीने ‘कतञ्ञुता’ हे मंगल सांगितले आहे. अलीकडे आरोग्याच्या अभ्यासकांनीही कृतज्ञतेकडे लक्ष वळविले असून मनःस्वास्थ्य, झोप आणि आयुर्मान यांच्याशी तिचा काय संबंध आहे, हे तपासले जात आहे. तथापि आपल्या समाजात या शब्दाविषयी एक अढी आढळते आणि ती निराधार नाही. ज्यांच्या पूर्वजांना स्वतःच्या कष्टाचे मोलही उपकार म्हणून स्वीकारावे लागले, त्यांना ‘कृतज्ञ असा’ असे सांगणे म्हणजे ‘मिंधे राहा’ असे सांगण्यासारखे वाटू शकते. म्हणून कतञ्ञुतेचा धम्मातील अर्थ प्रथम पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

‘कत’ म्हणजे केलेले आणि ‘ञू’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा तो ‘कतञ्ञू’. पालि ग्रंथांत या शब्दासोबत बहुधा ‘कतवेदी’ हा शब्द येतो. केलेले प्रकट करणारा, म्हणजे शब्दाने वा कृतीने त्याची पोच देणारा, असा त्याचा अर्थ होय. या दोन्ही शब्दांच्या मुळाशी जाणणे आहे; वाकणे किंवा दबणे त्यांत कोठेही नाही. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात जगात दुर्लभ अशा दोन व्यक्ती सांगितल्या आहेत : आपण होऊन आधी उपकार करणारी आणि तो उपकार जाणून प्रकट करणारी. त्याच निपातात माता-पित्यांच्या ऋणाचा विचार आला आहे. एका खांद्यावर माता व दुसऱ्या खांद्यावर पिता यांना घेऊन शंभर वर्षे सेवा केली, तरी त्यांचे ऋण फिटत नाही. परंतु त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत प्रतिष्ठित केले, तर ते फिटते. म्हणजे जन्मदात्यांच्या बाबतीतही परतफेडीची पराकाष्ठा निव्वळ आज्ञाधारकपणात मानलेली नाही. त्यांचे खरे हित साधण्यात मानली आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात या गुणाचे एक बोलके उदाहरण आहे. एका ब्राह्मणाने भिक्खूंकडे प्रव्रज्या मागितली. भिक्खूंनी ती नाकारली. धम्मपद अट्ठकथेत त्याचे नाव राध असे येते. नकारामुळे तो कृश झाला, निस्तेज झाला, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. तथागतांनी त्याची विचारपूस केली आणि याने केलेले काही कोणाला आठवते का, असे भिक्खूंना विचारले. सारिपुत्त म्हणाले की, राजगृहात भिक्षाटन करीत असताना याने आपल्याला पळीभर अन्न दिले होते. तथागतांनी सारिपुत्तांची प्रशंसा केली आणि त्या ब्राह्मणाला प्रव्रज्या व उपसंपदा देण्यास त्यांनाच सांगितले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, कृतज्ञता येथे अग्रश्रावकाकडून एका उपेक्षित माणसाकडे गेली. ती नेहमी खालून वरच जावी, असा नियम नाही. दुसरी, त्या माणसाचे शरीर उपेक्षेने खंगले होते. आपण केलेले कोणी तरी स्मरते, ही गोष्ट अशा माणसाला आधार देते. म्हणून कृतज्ञतेच्या आरोग्याचा विचार करताना, ती ज्याच्याप्रत पोचते त्यालाही विसरून चालणार नाही.

महावग्गातच जीवकाची कथा आहे. जन्मतःच उकिरड्यावर टाकून दिलेल्या या बालकाला राजपुत्र अभयाने वाढविले. तक्षशिलेस सात वर्षे वैद्यक शिकून परतताना साकेतात त्याने एका श्रेष्ठीच्या पत्नीचा जुना शिरोरोग बरा केला. त्याबद्दल मिळालेले सोळा हजार त्याने आपली पहिली कमाई म्हणून पालनपोषणापोटी अभयापुढे ठेवले. अभयाने ते घेतले नाहीत. ते तुझ्याकडेच असू दे, असे सांगितले. देणाऱ्याने मोकळेपणाने दिले आणि वाढविणाऱ्याने हिशेब मागितला नाही. कतञ्ञुतेचे हे निरोगी रूप होय.

याच्या उलट रूप आपल्या गावगाड्यात होते. महारांची गावकामे ही सेवा होती आणि बलुते हे तिचे मोल. परंतु ते मोल दयेच्या दानासारखे देण्यात येई. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते या गुलामीवर बोट ठेवण्यासाठीच. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी थोर पुरुषांविषयी कृतज्ञ असण्यात गैर नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा आहेत, असे बजावले. आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला देऊन त्यांनी सांगितले की, मानाचे मोल देऊन कोणा माणसाने आणि स्वातंत्र्याचे मोल देऊन कोणा राष्ट्राने कृतज्ञ राहू नये. विशेष असे की, त्याच भाषणात त्यांनी संविधानाच्या श्रेयातील वाटा बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना मोकळेपणाने दिला. एकाच भाषणात कतवेदिता आहे आणि तिची मर्यादाही आहे. आमच्या मते या विषयावर याहून स्पष्ट पाठ मिळणे कठीण.

आता आरोग्याकडे वळू. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एकात, ज्यांनी दहा आठवडे दर आठवड्याला कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिल्या, त्यांनी कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा शारीरिक तक्रारी कमी आणि व्यायाम अधिक नोंदविला. स्नायू व मज्जातंतूंचे विकार असलेल्यांनी २१ दिवस अशी नोंद ठेवली, तेव्हा त्यांनी झोप अधिक मिळाल्याचे सांगितले. २०२४ मध्ये अमेरिकेतील ४९,२७५ वृद्ध परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वाधिक कृतज्ञता नोंदविणाऱ्या गटात सुमारे तीन वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका सर्वांत कमी नोंदविणाऱ्या गटापेक्षा ९ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे होत नाही. तसेच नैराश्य व चिंता यांवर अशा नोंदींचा परिणाम अल्पच असतो, असे २०२१ च्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले. कृतज्ञता हे मनाचे पथ्य आहे. ते औषधाची वा वैद्याची जागा घेत नाही.

ते न्यायाचीही जागा घेत नाही. २२ मार्च २०२० रोजी देशभर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या व थाळ्या वाजविण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आशा सेविकांना मानधन आणि संरक्षक साधने यांसाठी संपावर जावे लागले. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगताना शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा आणि वेळेवर सुट्टी यांचा निर्देश आहे. कामकऱ्याच्या निष्ठेआधी ही कर्तव्ये सांगितली आहेत. जे हक्काचे आहे ते आधी द्यावे. आभार त्यानंतर शोभतात.

उपासक-उपासिकांनी हे मंगल आचरणात कसे आणावे? रात्री निजण्यापूर्वी, आज कोणी आपल्यासाठी नेमके काय केले, ते एक तरी आठवावे. मोघम ‘सर्वांचे उपकार’ न म्हणता माणूस आणि त्याचे कृत्य डोळ्यांपुढे आणावे. हे कतञ्ञुतेचे अंग झाले. दुसऱ्या दिवशी त्या माणसास तसे सांगावे, वा त्याच्या उपयोगी पडावे. हे कतवेदितेचे अंग. वस्तीतला सफाई कामगार, दवाखान्यातील परिचारिका, घरात सर्वांच्या मागून जेवणारी आई यांच्यापासून आरंभ करावा; कारण त्यांचे केलेले सर्वांत कमी जाणले जाते. आणि कोणी आपल्याकडून कृतज्ञता मागू लागला, तर एकच प्रश्न स्वतःस विचारावा : हे मला दिले गेले, की माझेच मला परत मिळाले? परत मिळालेल्या हक्कासाठी कोणापुढेही मान झुकवण्याचे कारण नाही. पळीभर अन्नाची आठवण मात्र सारिपुत्तांसारखी जपावी.