डोक्यावर हेल्मेट आहे, तरी पाइपखाली थांबू नका

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई करणारे कारखाने दाटीने आहेत. इंडक्शन भट्टीची कॉइल थंड ठेवायला पाणी सतत फिरवावे लागते, त्यासाठी पाइपांचे जाळे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका पोलाद कारखान्यात तप्त लोखंड उडून कामगार भाजले, तेव्हा राज्यभर बातमी झाली. पाइप दुरुस्त करताना हातून निसटलेल्या पान्याची बातमी होत नाही. या कामाबद्दलचे गैरसमज मात्र पक्के आहेत.

सर्वात घातक समज हेल्मेटचा. ‘डोक्यावर आहे ना, मग काय होतंय?’ एक किलोचा पाना दहा मीटरवरून सुटला, तर खाली पोचताना त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो आणि ऊर्जा ९८ ज्यूल. युरोपच्या ईएन ३९७ मानकात हेल्मेटवर पाच किलोचे वजन एका मीटरवरून टाकून पाहतात, म्हणजे ४९ ज्यूल. साधा पाना त्याच्या दुप्पट घाव घालतो. मान, खांदे, पाठ तर उघडीच. आपल्या आयएस २९२५ मानकाचे हेल्मेट घालायलाच हवे, जबर मार बसलेले बदलायलाही हवे. पण तो शेवटचा आडोसा आहे.

‘वरचा ओरडेल, आपण सरकू.’ दहा मीटर यायला पान्याला दीड सेकंदही लागत नाही. हाक ऐकून माणूस वर बघतो आणि घाव चेहऱ्यावर घेतो. पाना सरळच येईल असेही नाही. वाटेत अँगलला आपटून तो लांब उडतो. म्हणून खालची जागा दोरीने ऐसपैस अडवावी. वर पाना पट्ट्याला बांधलेला, नट-बोल्ट पिशवीत आणि मचाणाच्या कडेला उभी फळी असावी. यात खर्च फारसा नाही, म्हणूनच टाळाटाळ पाहून जीव तुटतो.

‘व्हॉल्व्ह बंद, म्हणजे पाइप रिकामा.’ तीनशे मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे ७० लिटर पाणी मावते. सहा मीटरच्या तुकड्यात चारशे किलोंवर. आधी निचरा, मग चेन ब्लॉकवर तुकडा तोलून धरायचा, त्यानंतरच फ्लँजचे बोल्ट.

‘ठेकेदाराचा हेल्पर, कालच लागला, त्याला काही मिळत नाही’ हेही खोटे. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू असेल तर कामावरच्या इजेचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो. तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या ९० टक्के. त्याची वर्गणी आधी भरण्याची जबाबदारी मूळ मालकावरच असते.